वॉर्डाचं दार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागचे तीन शनिवार रिलीजने खाल्ले आणि चौथा झोपेने. आज मात्र ठरवून बसलोय, कारण गेले दोन महिने एक विषय डोक्यात भुणभुणतोय आणि तो उतरवल्याशिवाय जाणार नाही.

तर झालं असं, की जूनमध्ये माझी आतेबहीण न्यू जर्सीहून आली. तिकडे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढे डॉक्टर व्हायचंय. अमेरिकेत मेडिकलला जायच्या आधी चार वर्षांची साधी डिग्री करावी लागते हे मला माहीत होतं. पण तेवढ्याने भागत नाही हे नव्हतं माहीत. अर्जात दाखवावं लागतं की तुम्ही डॉक्टरांच्या मागे मागे फिरून त्यांचं काम पाहिलंय. त्याला म्हणायचं शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरची सावली व्हायचं! पेशंटला हात लावायचा नाही, मधे बोलायचं नाही, कोपऱ्यात उभं राहून बघायचं आणि तासांचा हिशोब ठेवायचा. हिच्या वहीत अगदी टाइमशीटसारखे रकाने होते. मला लगेच आपुलकी वाटली.

मग आमच्या घरी फोनाफोनी सुरू झाली. आत्याने आईला सांगितलं, आईने मामाला, मामाच्या मित्राच्या साडूंचा एक डॉक्टर मित्र निघाला. चार दिवसांत परळच्या एका हॉस्पिटलात हिची सोय झाली. प्रभादेवीहून परळ म्हणजे आम्हाला पूल ओलांडला की आलंच. रोज सकाळी ही पांढरा कोट पिशवीत घालून निघायची आणि संध्याकाळी येऊन आईला ऑपरेशन थिएटरच्या गोष्टी सांगायची. आई भाकरी थापता थापता "शी, जेवताना नको गं" म्हणायची आणि पुढचं विचारायची.

गोष्टीतला दुसरा माणूस आमच्याच बिल्डिंगमधला, दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा. नीटचा त्याचा हा दुसरा प्रयत्न. वडील बेस्टमध्ये, आई घरी शिवणकाम करते. दोन वर्षं हा पोरगा फक्त क्लास, लायब्ररी आणि घर एवढाच फिरलाय. एका रात्री गच्चीवर आम्ही तिघं बसलो होतो. बहीण काहीतरी टाके घालण्याबद्दल सांगत होती. तो गप्प ऐकत होता आणि मग मला म्हणाला, "दादा, मी हॉस्पिटल आतून बघितलंच नाहीये. बाबांना डेंग्यू झाला तेव्हा बाहेर बाकावर बसलेलो, तेवढंच. मला जमेल का रे ते?"

मी इंजिनीअर. मला काय विचारतो बाबा! पण प्रश्न राहिला डोक्यात.

आपल्याकडची पद्धत बघा. १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यातले ३६० बायोलॉजीचे. वीस लाखांच्या वर मुलं बसतात. मुलाखत नाही, अर्जासोबत निबंध नाही, "तू डॉक्टर का होणार" असं कोणी एका शब्दानेही विचारत नाही. बेडकाचं हृदय पाठ असलेला मुलगा माणूस कण्हताना कसा दिसतो ते न बघता आत जाऊ शकतो. अमेरिकेत आधी दाखवतात आणि मग घेतात, आपण घेतो आणि मग दाखवतो. यात बरं काय? बहिणीचं मत अर्थातच तिकडचं. माझं मत बनायला दोन महिने लागले, आणि त्यासाठी दीडेकशे वर्षं मागे जावं लागलं. (इतिहास हा माझा शनिवारचा धंदा आहे हे जुन्या वाचकांना माहीत आहेच.)

आधी अमेरिकेचंच बघू. आज हे लोक तास मोजतात, पण एकोणिसाव्या शतकात तिथे डॉक्टर होण्याची मुख्य वाट म्हणजे उमेदवारीच होती. गावातल्या एखाद्या डॉक्टरकडे साधारण तीन वर्षं राबायचं, औषधं कुटायची, घोडागाडीतून त्याच्याबरोबर घरोघर जायचं, आणि जोडीला कॉलेजात व्याख्यानांची दोन सत्रं ऐकायची की झाला डॉक्टर. गुरू चांगला भेटला तर ठीक, नाहीतर त्याच्या चुकांसकट सगळं शिकायचं. १९१० साली फ्लेक्स्नर नावाच्या माणसाने तिथल्या मेडिकल कॉलेजांचा एक सणसणीत अहवाल लिहिला. त्यानंतर कितीतरी कॉलेजं बंद पडली आणि शिक्षण प्रयोगशाळा व हॉस्पिटल असलेल्या विद्यापीठांकडे गेलं. मला तर आजचं शॅडोइंग म्हणजे त्या जुन्या उमेदवारीची उरलेली सावलीच वाटते.

आणि आपल्याकडे? मुंबईत १८२६ मध्ये एक नेटिव्ह मेडिकल स्कूल निघालं होतं. मॅक्लेनन नावाचा सर्जन ते चालवायचा आणि शिकवणं देशी भाषांतून व्हायचं. ते १८३२ मध्ये बंद पडलं. मग गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटने नव्या कॉलेजची खटपट केली, पण तो १८३८ मध्येच वारला. त्याच्या नावाचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये भायखळ्याला सुरू झालं, आणि शेजारीच त्याच वर्षी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हॉस्पिटल. आपलं जे. जे.

हे 'शेजारीच' महत्त्वाचं आहे. पहिला प्रिन्सिपल चार्ल्स मोरहेड एडिंबरा आणि पॅरिसला शिकून आलेला होता. पॅरिसमध्ये तेव्हा नवा विचार असा होता, की वैद्यक हे पुस्तकात नसतं, खाटेशी असतं. शेकडो पेशंट बघा, नोंदी ठेवा, मेल्यावर आत काय झालं होतं ते उघडून बघा आणि मग बोला. मोरहेडने १८५६ मध्ये हिंदुस्थानातल्या रोगांवर जो मोठा ग्रंथ काढला, तो मुंबईतल्या वॉर्डांमधल्याच अनुभवावर उभा आहे. थोडक्यात, कॉलेज आणि वॉर्ड यांच्यात एकच भिंत, आणि भिंतीला दार.

त्या दारातून आत गेलेल्या पहिल्या तुकडीत कोण होतं? भाऊ दाजी लाड. गोव्याकडून बापाबरोबर मुंबईत आलेला मुलगा, एल्फिन्स्टनमध्ये शिकून तिथेच शिक्षक झाला होता. काठेवाड-कच्छमधल्या बालिकाहत्येवर निबंध लिहून त्याने सहाशे रुपयांचं बक्षीस मिळवलं होतं. चांगली चाललेली नोकरी सोडून तो १८४५ मध्ये ग्रँट मेडिकलला जाऊन बसला. वय तेवीस! आजच्या हिशोबाने हे म्हणजे सेट झालेली नोकरी सोडून पुन्हा फर्स्ट इयरला जाणं. त्याच तुकडीत आत्माराम पांडुरंग तर्खडकर, पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढणारे. १८५१ मध्ये हे पहिले पदवीधर बाहेर पडले.

आता गंमत बघा. यांच्यापैकी कोणी आधी हॉस्पिटल आतून पाहिलं असेल? त्यांच्या जन्मावेळी तसलं हॉस्पिटल आणि तसलं कॉलेज इथे नव्हतंच. प्रेताला हात लावणं हा तर घरादाराचा प्रश्न. ते न बघताच आत गेले, आणि आत गेल्यावर त्यांना भरपूर बघायला मिळालं. म्हणजे आमच्या खालच्या पोराची परंपरा अगदीच वाईट नाही. :-)

पण दुसऱ्याही एका माणसाची गोष्ट आहे, आणि मला अडकवलं ते त्या गोष्टीने.

ग्रँट मेडिकलमध्ये पुढे एक डॉक्टर वनस्पतिशास्त्र शिकवायचे, सखाराम अर्जुन. मुंबईच्या औषधी वनस्पतींची त्यांनी केलेली यादी १८७९ मध्ये छापून आली. १५ सप्टेंबर १८८३ ला भायखळ्याच्या म्युझियममध्ये आठ जणांनी जमून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यात दोनच हिंदी माणसं होती. एक आत्माराम पांडुरंग, दुसरे हे सखाराम अर्जुन. (ते म्युझियम म्हणजे राणीच्या बागेतलं, ज्याला १९७५ पासून भाऊ दाजींचंच नाव आहे. मुंबई केवढी आणि माणसं किती थोडी!)

सखाराम अर्जुनांनी एका विधवेशी लग्न केलं होतं. तिला पहिल्या नवऱ्यापासून एक मुलगी होती. ती मुलगी गिरगावात या सावत्र वडिलांच्या घरी वाढली. तिचं नाव रखमाबाई. जन्म १८६४.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे. अकराव्या वर्षी लग्न, मोठी झाल्यावर सासरी नांदायला जायला नकार, नवरा दादाजी भिकाजीचा १८८४ मधला दावा. १८८५ मध्ये जस्टिस पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपील झालं, आणि मार्च १८८७ मध्ये जस्टिस फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. हे सगळं आपण कायद्याचा आणि स्त्रीहक्काचा इतिहास म्हणून वाचतो. तिने पुढे डॉक्टर व्हायचंच का ठरवलं, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

मला वाटतं याचं अर्धं उत्तर त्या घरात आहे. ज्या घरात वैद्यकाची पुस्तकं आहेत, वनस्पतींचे नमुने आहेत, बोलण्यात पेशंट आहेत, तिथे वाढलेल्या मुलीला हा धंदा परका वाटत नाही. सखाराम अर्जुन १८८५ मध्ये वारले, पण तोपर्यंत दार किलकिलं झालं होतं.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे एडिथ पीची. आणि इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण ही बाई म्हणजे आपल्या विषयाचा गाभा आहे.

१८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात काही मुलींनी मेडिकलला प्रवेश मिळवला. त्या पुढे 'एडिंबरा सेव्हन' म्हणून ओळखल्या गेल्या, आणि पीची त्यांच्यातली एक. केमिस्ट्रीच्या परीक्षेत पहिल्यांदाच बसलेल्यांमध्ये ती पहिली आली, पण तिच्या हक्काची स्कॉलरशिप दुसऱ्याला गेली, कारण ती बाई. नोव्हेंबर १८७० मध्ये परीक्षेला जाताना मुलांच्या जमावाने या मुलींवर चिखल फेकला, फाटक बंद केलं आणि हॉलमध्ये एक मेंढी घुसवली. हो, मेंढी. पण खरी अडवणूक वेगळीच होती. त्यांना व्याख्यानं कशीबशी मिळत होती, पण रॉयल इन्फर्मरीच्या वॉर्डात शिकायला येऊ देत नव्हते. आणि वॉर्ड नाही तर पदवी नाही. सगळी पुस्तकं पाठ असली तरी तुम्ही डॉक्टर नाही, कारण तुम्ही पेशंट पाहिलेला नाही. आणि पेशंट पाहू आम्ही देणार नाही! सर्व्हरचा पासवर्ड द्यायचा नाही आणि काम झालं नाही म्हणून ओरडायचं, त्यातलाच प्रकार.

शेवटी एडिंबराने पदवी दिलीच नाही. १८७४ मध्ये लंडनला मुलींसाठी वेगळं मेडिकल स्कूल निघालं, तरी त्याला हॉस्पिटल मिळेना. १८७७ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलने वॉर्ड उघडले आणि मगच त्या शाळेला अर्थ आला. पीचीला त्याच वर्षी डब्लिनच्या कॉलेजाकडून परवाना मिळाला.

ही एडिथ पीची १८८३ च्या डिसेंबरात मुंबईत उतरली. किट्रेज नावाचा एक अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी बंगाली यांनी हिंदुस्थानातल्या बायकांसाठी बाई डॉक्टर आणायला फंड जमवला होता. पेस्तनजी कामांच्या पैशांतून कामा हॉस्पिटल बांधलं गेलं आणि ते १८८६ मध्ये सुरू झालं. बायकांसाठी आणि बायका डॉक्टरांनी चालवलेलं. जिला एडिंबरात वॉर्डाबाहेर ठेवलं होतं, तिच्या हातात आता इथे अख्ख्या हॉस्पिटलच्या किल्ल्या होत्या. ग्रँट मेडिकलनेही १८८३ पासून मुलींना घ्यायला सुरुवात केली होती.

रखमाबाईच्या खटल्यात तिच्या पाठीशी जे लोक उभे राहिले त्यांत ही पीची होती, आणि डॉक्टर हो, लंडनला जा, असं म्हणणारीही हीच. पैसे जमवण्यातही तिचा हात होता. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या त्याच मुलींच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या, वॉर्डाचं शिक्षण त्याच रॉयल फ्रीमध्ये घेतलं, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. मग सुरत आणि राजकोट मिळून जवळजवळ पस्तीस वर्षं बायकांची हॉस्पिटलं सांभाळली. १९५५ मध्ये वारल्या.

आनंदीबाई जोशींची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहा. कल्याणच्या, रखमाबाईंपेक्षा जेमतेम काही महिन्यांनी लहान. घरात डॉक्टर नाही, ओळखीत डॉक्टर नाही. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. वैद्यकाशी तिची ओळख झाली ती अशी, वैद्यक हाताशी नसल्यामुळे. १८८३ मध्ये ती अमेरिकेला गेली, न्यू जर्सीतल्या रोझेलला कार्पेंटरबाईंकडे उतरली (आमच्या आत्याचं घर तिथून फार लांब नाही, आता तिला सांगितलंय जाऊन ये म्हणून), फिलाडेल्फियाला शिकली, मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेली. पूर्ण बावीसचीही नव्हती. कोल्हापूरच्या हॉस्पिटलातला बायकांचा वॉर्ड तिच्यासाठी ठरला होता. तो तिला कधी चालवायला मिळालाच नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी चुकीचा प्रश्न घेऊन बसलो होतो. आधी बघावं की नंतर, हा प्रश्न दुय्यम आहे. दार कोण उघडतं, हा खरा प्रश्न. भाऊ दाजींसाठी कॉलेजने उघडलं, रखमाबाईंसाठी घराने आणि पीचीने, एडिंबराच्या मुलींसाठी बराच काळ कोणीच नाही. आणि माझ्या बहिणीसाठी? मामाच्या मित्राच्या साडूंनी.

नीटवर कितीही चिडलो तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या परीक्षेला साडू लागत नाही. उद्या आपल्याकडे कोणी फतवा काढला की मेडिकलच्या अर्जाला शंभर तासांचं शॅडोइंग जोडा, तर काय होईल? डॉक्टरांच्या मुलांचे शंभर तास घरच्या नर्सिंग होममध्ये बसल्या बसल्या होतील. खालच्या मजल्यावरचा पोरगा फिरेल सह्या गोळा करत. नंतर सर्टिफिकिटांचे रेट निघतील. आपण आपल्या लोकांना ओळखतो.

आणि पेशंटचं काय? बहिणीला मी विचारलं, तुला बघून पेशंट काही म्हणत नाहीत? ती थोडी गप्प झाली. म्हणाली, "तिकडे आधी त्यांना विचारतात, ही विद्यार्थिनी इथे थांबली तर चालेल का. इथे मला कोणीच विचारताना दिसलं नाही." एका बाईने मात्र तिला डॉक्टरच समजून हात धरला आणि विचारलं, "बाई, मी वाचेन ना?" आणि हिला मराठीत काय बोलावं सुचेना. त्या दिवशी ती आईला गोष्टी न सांगता झोपली.

बघण्याचं आणखी एक टोक मी लहानपणी पाहिलंय. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकाकांकडे एक कंपाउंडर होते. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून डोस दाखवायचे, गोळ्यांच्या पुड्या बांधायचे. तीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून त्यांना तापाचं बरंच कळायचं. काका गावाला गेले की लोक त्यांनाच विचारायचे. ते दर वेळी एकच सांगायचे, मला औषध माहीत आहे, आजार माहीत नाही, डॉक्टर आले की या. एवढी समज सगळ्यांना नसते. नुसतं बघून पाटी लावणारेही कमी नाहीत. म्हणजे बघणं पुरत नाही, आणि न बघताही भागत नाही.

माझं स्वतःचं सांगतो आणि थांबतो. बारावीला माझं बायोलॉजीही होतं. आईला मी डॉक्टर व्हायला हवा होतो. त्या वर्षी आजोबा आजारी पडले आणि अकरा रात्री मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात त्यांच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपलो. रात्री दोनला एक ज्युनिअर डॉक्टर यायची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ गेले त्या रात्री तिने त्यांच्या मुलाला सांगितलं, मग भिंतीला टेकून दोन मिनिटं उभी राहिली, आणि पुढच्या खाटेकडे गेली. मला तेव्हा स्पष्ट कळलं की ती पुढची खाट मला जमणार नाही. आजोबा बरे होऊन घरी आले. मी इंजिनीअरिंगचा फॉर्म भरला. आईला मी कारण सांगितलं ते मार्कांचं. हे खरं कारण ती आज इथे पहिल्यांदा वाचेल.

तेव्हा दाखवा, पण सगळ्यांना दाखवा. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीला पायाभूत कोर्स आहे आणि पहिल्याच वर्षापासून पेशंटजवळ नेतात. आधी सुरुवातीला नुसतं प्रेत आणि पुस्तक असायचं. हे चांगलंच झालं. पण तोवर प्रवेश झालेला असतो, फी भरलेली असते आणि घरादाराची स्वप्नं गुंतलेली असतात. त्याच्या आधी, अकरावी-बारावीतच, महानगरपालिकेच्या हॉस्पिटलांनी आठवडाभर मुलांना आत घेतलं तर? मार्क नाहीत, सर्टिफिकीट नाही, ओळख लागत नाही. पेशंटला विचारून, कोपऱ्यात उभं करून. परळला केईएम आणि जी. एस. मेडिकल १९२६ मध्ये उभं राहिलं ते देणगीदारांच्या एका अटीवर, की शिकवणारे सगळे हिंदी असतील. आपल्या माणसांसाठी दार उघडायला अट घालावी लागते, हे या भागाला शंभर वर्षांपूर्वी कळलेलं आहे.

बहीण जुलैत परत गेली. वहीत बासष्ट तास झाले. खालच्या पोराला मी आमच्या डॉक्टरकाकांकडे घेऊन गेलो. आता पंच्याहत्तरीचे आहेत, सकाळीच दोन तास बसतात. म्हणाले, "ये, पण येणाऱ्या प्रत्येकाला आधी तू विचारायचंस, मी बसू का म्हणून." तीन सकाळी तो जाऊन बसला. चौथ्या दिवशी जिन्यात भेटला.

"काय रे, जमेल?"

"माहीत नाही दादा. एक आजोबा नाही म्हणाले, मी बाहेर जाऊन बसलो. बाकीचे हो म्हणाले." मग जरा थांबून म्हणाला, "उद्या पण जाणारे."

असो. नऊ वाजले, आई जेवायला हाक मारतेय. हे पोस्ट टाकतो आणि मग तिच्यासमोर जाऊन बसतो.